सेवेकडून संघटनेकडे

समाजसेवा हा आता एक रीतसर पेशा झाला आहे. पदवी, प्रकल्प, समन्वयक, संचालक अशा त्याच्या पायऱ्या ठरून गेल्या आहेत. वरच्या पायरीवर पोहोचलेल्याची गाठ वस्तीपेक्षा देणगीदाराशीच अधिक पडते. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातील दोन टक्के सामाजिक कार्याकडे वळविल्यापासून तर ही शिडी अधिकच भक्कम झाली. प्रशिक्षित सेवकाला पोटापुरते वेतन मिळावे, यात गैर काहीच नाही. प्रश्न वेतनाचा नाही, दिशेचा आहे. त्यासाठी नारायण मल्हार जोशी यांच्या जीवनक्रमाची कसोटी लावून पाहावी.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ साली जन्मलेले जोशी पदवीनंतर काही वर्षे शिक्षक होते. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने ही तिची कामे. एवढ्यावर ते थांबते, तर एक सत्शील समाजसेवक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु रात्रशाळेत येणारा गिरणी कामगार बारा तास राबून आलेला असे, आणि तेही कायद्याच्या संमतीने! त्याला अक्षरे शिकविता येत होती. त्याचे कामाचे तास कमी करणे मात्र रात्रशाळेच्या हाती नव्हते. सेवेची मर्यादा सेवेतूनच उमगली.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेस जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. त्याच सुमारास मद्रासमध्ये बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी कामगार नेते वाडिया यांच्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला होता. युनियन चालविणे हाच गुन्हा ठरू पाहत होता. १९२१ मध्ये जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात युनियनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला आणि १९२६ मध्ये तो कायदा झाला. कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचे त्यांचे विधेयक मात्र फेटाळले गेले.

त्यांचे सारेच निर्णय बरोबर होते असे नव्हे. विधिमंडळातील त्यांची जागा सरकारनियुक्त होती. १९२९च्या नागपूर अधिवेशनात शाही श्रम आयोगावरील बहिष्काराचा प्रश्न आला, तेव्हा स्वतः आयोगाचे सदस्य असलेले जोशी सहकाऱ्यांसह आयटकमधून बाहेर पडले. त्या फुटीने चळवळ दुबळी झाली. पण १९२८च्या प्रदीर्घ गिरणी संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले आणि १९४० मध्ये ऐक्यानंतर पुन्हा आयटकचे सरचिटणीस झालेले जोशीही तेच होत.

२०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने १९२६च्या कायद्याची जागा घेण्याचे ठरविले आणि सर्वच आस्थापनांतील संपाला पूर्वसूचनेची अट घातली. कंपनीच्या दोन टक्क्यांवर चालणारी संस्था याविरुद्ध बोलेल काय? तिचा संचालक वाईट माणूस नसेल. त्याची शिडी मात्र मालकाच्या भिंतीला टेकलेली आहे. सेवाकार्यातून येणाऱ्या तरुणांना चळवळीने तुच्छ लेखू नये. त्यांच्या रात्रशाळेत जाऊन बसावे, आणि तेथून युनियनच्या कचेरीकडे जाणारी वाट त्यांना दाखवावी. जोशी त्याच वाटेने आले होते.