कार्यक्रम आहे, पण सापडत नाही!

शनिवारी सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडायचे, शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन किंवा बालगंधर्व रंगमंदिरात कोणता प्रयोग आहे हे बोट फिरवून शोधायचे आणि तिकीट खिडकीवर प्लॅनमधील मोकळ्या खुर्च्या पाहून तिकीट काढायचे, ही मराठी मध्यमवर्गाची कित्येक दशकांची रीत. त्यासाठी अक्षरओळख पुरेशी होती. आता ही वाट मोबाइलच्या पडद्यावरून जाते. गावात काय चालले आहे हे सांगणारी अ‍ॅप भरपूर झाली. मात्र त्यांतून हवा तो कार्यक्रम सामान्य माणसाला खरोखर सापडतो का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

या व्यवसायात पैसा किती आहे, हे अलीकडच्या घडामोडींवरून दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोने पेटीएमचा चित्रपट व कार्यक्रमांच्या तिकिटांचा व्यवसाय 2,048 कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डिस्ट्रिक्ट’ हे स्वतंत्र अ‍ॅप आणले. 2007 पासून बाजारात असलेल्या ‘बुकमायशो’ला त्यामुळे मोठा स्पर्धक मिळाला. मराठी नाटकांसाठी ‘तिकिटालय’सारखा प्रयत्नही झाला. स्पर्धा वाढली की ग्राहकाची सोय वाढते, असे अर्थशास्त्र सांगते. परंतु सोय म्हणजे काय, हे ठरवायचे कोणी?

सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला येताच संकेतस्थळ कोलमडले आणि लाखो चाहते आभासी रांगेत ताटकळले. त्याची देशभर चर्चा झाली. पण तो दोष यंत्रणेच्या क्षमतेचा होता आणि तो सर्वांना दिसला. दुसऱ्या प्रकारचा दोष असा गाजावाजा करीत नाही. यंत्रणा सुरळीत चालू असते, पडदा चकाकत असतो आणि तरीही साठीतली एखादी बाई तीन वेळा प्रयत्न करून फोन बाजूला ठेवते. ‘मला हे जमत नाही’ असे म्हणून ती स्वतःलाच दोष देते. तिची तक्रार कोठेही नोंदली जात नाही.

हा मूक दोष शोधण्याची रीत म्हणजे वापरसुलभतेची चाचणी. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि 2018 मध्ये सुधारलेल्या मानकाने वापरसुलभतेचे तीन निकष दिले आहेत : काम पूर्ण होते का, त्यासाठी किती श्रम पडतात आणि करणाऱ्याला समाधान मिळते का. हे तिन्ही विशिष्ट माणसाच्या, विशिष्ट कामाच्या आणि विशिष्ट परिस्थितीच्या संदर्भातच मोजायचे असतात. म्हणजे ‘अ‍ॅप सोपे आहे’ हे विधान अपुरे आहे. कोणासाठी, कशासाठी आणि कोठे, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

चाचणीची पद्धत साधी असते. एका व्यक्तीच्या हाती फोन द्यायचा आणि तिला खऱ्या आयुष्यातले काम सांगायचे : ‘येत्या रविवारी संध्याकाळी, घरापासून एका बसच्या अंतरावर, दोनशे रुपयांच्या आत, आजीला नेता येईल असा कार्यक्रम शोधा.’ मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचे आणि आपण गप्प बसून पाहायचे. हे गप्प बसणेच सर्वांत अवघड असते. अ‍ॅप बनवणाऱ्याला राहवत नाही. ‘वरच्या कोपऱ्यात बघा ना’ असे शब्द त्याच्या ओठांवर येतात. ते उच्चारले की चाचणी संपली, कारण घरी आजीच्या शेजारी असे सांगायला कोणी नसते.

वर सांगितलेले एकच काम किती ठिकाणी अडू शकते, ते पाहण्यासारखे आहे. फोनचे स्थान कळवण्याची परवानगी नाकारली, तर अ‍ॅप भलत्याच शहराचे कार्यक्रम दाखवू शकते. ‘रविवार’ निवडल्यावर एक पाऊल मागे गेले की निवड पुसली जाऊ शकते. दराची मर्यादा घालण्याची सोय कोठे दडली आहे ते समजत नाही. सभागृहाला लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, मध्यंतर आहे का, ही आजीच्या दृष्टीने कळीची माहिती बहुधा नसतेच. विनामूल्य व्याख्यान, ग्रंथालयातील चर्चा, संगीत मंडळाची बैठक यांत विकण्यासारखे तिकीटच नसल्याने यादीत त्यांना जागा मिळणे कठीण. मग ‘शहरात काही होतच नाही’ असा समज पसरतो.

त्यात भाषेची अडचण निराळीच. एकाच ‘दीनानाथ’चे रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होते. ‘नाटक’ हा शब्द कोणी देवनागरीत टाइप करतो, कोणी रोमन अक्षरांत. शोधयंत्राला हे सारे एकच आहे हे शिकवले नसेल, तर समोरच्या रंगमंदिरातला प्रयोगही हरवतो. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ हा भारतीय लिप्यांचा कळफलक तयार केला. आपल्या लिपीच्या रचनेतूनच उत्तर शोधता येते, हे त्याने दाखवले. असा विचार कार्यक्रमांच्या शोधातही व्हायला हवा.

अशा चाचण्यांना किती माणसे लागतात? जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलेले उत्तर ‘पाच’ असे होते. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी उघड करतो असे धरले, तर पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी सापडतात, असा तो हिशेब. पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्यात आणि मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात, हा त्यातला खरा सल्ला. मात्र लॉरा फॉकनर यांनी 2003 मध्ये साठ जणांच्या नोंदींमधून पाच-पाच जणांचे गट काढून पाहिले, तेव्हा काही गटांनी जवळजवळ सर्व अडचणी शोधल्या, तर एखाद्याने अवघ्या 55 टक्के. तात्पर्य, पाच जण ‘कोण’ हे महत्त्वाचे. कंपनीतल्याच पाच तरुण अभियंत्यांना बसवले, तर अ‍ॅप निर्दोषच ठरेल!

कोणाला बसवले नाही याची किंमत किती मोठी असते, हे 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून पुढे आले. बँकेची ओळखपडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट होती. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते शक्यच नव्हते. ही अट ठरवताना अशी माणसे कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवांनाही सुगम्यतेच्या कक्षेत आणतो. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, तर बंधनकारक असावेत, असेही बजावले होते. नाटक पाहणे ही चैन आहे, बँकेचे खाते नव्हे, असा युक्तिवाद होईल. पण शहराच्या सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा नागरिकत्वाचाच एक पदर आहे.

अर्थात, चाचणी हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. अ‍ॅप ग्राहकासाठी सोपे करायचे की विक्रीसाठी, हा हेतूचा प्रश्न ती सोडवत नाही. तिकिटाची किंमत आधी कमी दाखवायची आणि शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवायचे, ही रचना ‘चाचणीत यशस्वी’ होऊ शकते; कारण तिचा हेतूच तो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा 13 फसव्या रचनांवर बोट ठेवले. जून 2025 मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगण्यात आले. पण आपणच आपली उत्तरपत्रिका तपासायची, तर गुण किती मिळणार?

म्हणून सुरुवात सार्वजनिक संस्थांनी करावी. महापालिकांची नाट्यगृहे नागरिकांच्या करातून उभी आहेत. त्यांच्या कार्यक्रमांची माहिती देणारी कोणतीही यंत्रणा स्वीकारण्यापूर्वी एक ज्येष्ठ नागरिक, एक अंध प्रेक्षक, एक मराठीतच वाचणारी गृहिणी, एक महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शहरात नव्याने आलेला एक नोकरदार यांना तिच्यासमोर बसवावे आणि निष्कर्ष जाहीर करावेत. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; एक टेबल, एक फोन आणि गप्प बसण्याची तयारी पुरेशी आहे. वर्तमानपत्राच्या पानावर बोट फिरवणाऱ्या वाचकाला कोणी परीक्षार्थी मानले नव्हते. पडद्यावर बोट फिरवणाऱ्यालाही तसे वाटू नये. परीक्षा अ‍ॅपची असते, माणसाची नव्हे.