हिरव्या तळ्यापासून लांबच बरे

लान्सारोते हे अटलांटिक महासागरातल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर एल गोल्फो नावाचे कोळ्यांचे छोटे गाव आहे आणि गावाला लागूनच एका ज्वालामुखीचे अर्धे विवर. बाकीचे अर्धे समुद्राने गिळले. उरलेल्या कड्याच्या पायथ्याशी गर्द हिरव्या पाण्याचे तळे आहे, चार्को दे लोस क्लीकोस. तळे आणि लाटा यांच्यामध्ये काळ्या वाळूची पट्टी तेवढी आहे. गावातून पायवाटेने थोडे चालले की वरून हे सगळे दिसते. मात्र खाली तळ्याच्या काठाशी जायला बंदी आहे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या माणसाला पाण्यात बोटही बुडवता येत नाही, याची कुरकुर पर्यटक करतात. ती समजण्यासारखी आहे, पण मला ही बंदी पूर्णपणे योग्य वाटते.

याचे पहिले कारण त्या रंगातच आहे. तळ्याला ओढा येऊन मिळत नाही. समुद्राचे पाणी वाळूखालून झिरपत आत येते, ऊन आणि वारा ते आटवतात आणि मागे उरलेले पाणी समुद्राहून खारट होत जाते. अशा पाण्यात तग धरणाऱ्या शेवाळामुळे ते हिरवे दिसते. म्हणजे हा रंग जिवंत आहे आणि जिवंत असल्यामुळेच नाजूक आहे. रंग किती चटकन फिरतो हे आपण लोणारला पाहिले आहे. तिथले विवर उल्कापाताचे, तळे खारे. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव सापडले. पाणी घटले, खारटपणा वाढला आणि डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांनी अख्ख्या तळ्याचा रंग पालटला. लान्सारोतेचे तळे लोणारपेक्षा कितीतरी लहान आहे. रोज शेकडो पाय त्याचा गाळ ढवळू लागले, अंगावरचे सनस्क्रीन पाण्यात उतरू लागले, तर काय होईल याचा प्रयोग करून पाहण्याची गरज नाही. ज्या क्लीको शिंपल्यांच्या नावाने हे तळे ओळखले जाते, ते शिंपले तिथून केव्हाच नाहीसे झाले आहेत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, ज्या समुद्राने अर्धे विवर खाल्ले तो उरलेलेही खाणारच, मग चार माणसांच्या पावलांचा बाऊ कशाला? पण ही माणसे चार नाहीत. सुमारे दीड लाख वस्तीच्या या बेटावर वर्षाला तीसेक लाख पर्यटक येतात. इथल्या काळ्या दगडांत ऑलिव्हिनचे हिरवे, काचेसारखे कण चमकतात. एकाने एक खडा खिशात टाकला तर काही बिघडत नाही, असे त्या एकाला वाटते; प्रत्येकाला तसेच वाटते. बेटाच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून दगड आणि वाळू जप्त करावी लागते, ती यामुळेच. शिवाय समुद्राचे काम हजारो वर्षांच्या चालीने होते. पर्यटकांची गर्दी तेवढी उसंत देत नाही.

बंदीमुळे स्थानिकांच्या पोटावर पाय येतो, असेही म्हटले जाते. लान्सारोतेचा अनुभव नेमका उलटा आहे. याच बेटावर जन्मलेल्या सेसार मान्रिके या चित्रकाराने उंच हॉटेलांच्या विरोधात आयुष्यभर आवाज उठवला. लाव्हाच्या गुहा न मोडता त्यांतूनच प्रेक्षणीय स्थळे उभी केली. तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानात लोक ज्वालामुखींचा प्रदेश बसमध्ये बसून पाहतात, वाटेत उतरू दिले जात नाही. तरी पर्यटक कमी झालेले नाहीत. उलट एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांतली माणसेच पर्यटनाला मर्यादा घाला म्हणत रस्त्यावर उतरली. एल गोल्फोच्या खाणावळींत ताजी मासळी खाणारा माणूस तळ्यात उतरून आलेला नसला, तरी त्याची भूक तेवढीच असते.

लांबून पाहणे म्हणजे अपुरे पाहणे, ही तक्रार तर या जागी टिकतच नाही. काठाशी उभे राहिले तर समोर फक्त पाणी दिसेल. तांबूस, वाऱ्याने कोरलेला थराथरांचा कडा, हिरवे तळे, काळी वाळू आणि तिला पांढरी किनार लावणारा निळा समुद्र एका नजरेत मावतात ते वरूनच. मात्र बंदी सगळ्यांना सारखी हवी. १९६६ च्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’पासून सिनेमावाल्यांना या बेटाची ओढ आहे. पर्यटकाला वर अडवायचे आणि कॅमेरा घेऊन आलेल्यांना खाली सोडायचे, असे एकदा जरी झाले तर नियम पाळण्याची विनंती कुणी ऐकणार नाही. आणि तळे हिरवे का आहे, ते कशाने बिघडेल, हे वरच्या पायवाटेवर ठळक अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे. कारण न सांगता अडवलेला माणूस पहारा नसेल तेव्हा खाली उतरतो.