घरोघरी पवनचक्की : स्वावलंबन की नवा भार?

विजेच्या दिव्याचा इतिहास हा सामाजिक विषमतेचाही इतिहास आहे. खेड्यात वीज आली ती प्रथम वाड्यावर, मग बाजारपेठेत, आणि सर्वांत शेवटी गावकुसाबाहेरच्या वस्तीत, हा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य गावांनी घेतला आहे. केंद्र शासनाला २०१७ साली प्रत्येक घरास वीजजोडणी देण्यासाठी 'सौभाग्य' नावाची स्वतंत्र योजना आखावी लागली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे झाल्यानंतरही कोट्यवधी घरे अंधारात होती, याची ती शासकीय कबुलीच होय. ही घरे बहुतांशी कोणाची होती, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याचे प्रयोजन नाही.

आज या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. 'वीज मंडळाच्या तारेची वाट कशाला पाहता? वारा फुकट आहे; प्रत्येकाने आपल्या घरावर लहान पवनचक्की बसवावी आणि विजेबाबत स्वावलंबी व्हावे,' असा प्रचार अलीकडे जोराने होतो. आपल्या संस्थेच्या काही माजी विद्यार्थ्यांनीही वसतिगृहाच्या गच्चीवर पवनचक्की बसवून देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांची कृतज्ञता अमोल आहे. तथापि दान कितीही सद्भावनेचे असले तरी त्याची उपयुक्तता तपासणे हे स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य ठरते. कालामांना तथागतांनी हेच शिकविले : परंपरेने आले म्हणून, अनेकांनी सांगितले म्हणून वा सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही स्वीकारू नका, अनुभवाने पारखा आणि कल्याणकारी ठरले तरच स्वीकारा. पवनचक्कीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

प्रारंभी इतिहास पाहू. वाऱ्यापासून वीज निर्माण करून स्वतःचे घर उजळण्याचा पहिला ज्ञात प्रयोग स्कॉटलंडमध्ये १८८७ साली झाला. ग्लासगोच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी मेरीकर्क या गावातील आपल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली, तिच्यावर विद्युत्संचायक भरले आणि दिवे लावले. उरलेल्या विजेने गावचा रस्ता उजळण्याची तयारी त्यांनी दाखविली, तेव्हा ग्रामस्थांनी ती सैतानाची करणी ठरवून नाकारली. अज्ञान ही केवळ आपल्याच खेड्यांची मिरास नाही, एवढा धडा तर या प्रसंगातून मिळतोच.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे उदाहरण डेन्मार्कचे आहे. आस्कोव येथे शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी एक निवासी लोकविद्यालय होते. तेथील शिक्षक पोल ला कूर यांनी १८९१ साली शासनाच्या साहाय्याने विद्यालयाच्या परिसरात पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज बंद पडते, या अडचणीवर उपाय म्हणून त्यांनी त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठविला आणि त्या वायूवर शाळेचे दिवे पेटविले. याहून महत्त्वाचे कार्य त्यांनी पुढे केले. ग्रामीण तरुणांना पवनविद्युत यंत्रांची उभारणी आणि देखभाल शिकविणारे वर्ग त्यांनी सुरू केले. डेन्मार्क आज पवनऊर्जेत जगाच्या अग्रभागी आहे, त्याच्या मुळाशी एका निवासी शाळेतील हे अध्यापन आहे. यंत्राआधी माणूस घडविला गेला, ही गोष्ट आपण विशेष ध्यानी ठेवली पाहिजे.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट दिशेने गेला. १९२० नंतरच्या काळात तेथील दूरदूरच्या शेतघरांवर हजारो लहान पवनविद्युत यंत्रे फिरत होती, कारण खाजगी वीज कंपन्यांना विरळ वस्तीपर्यंत तारा नेणे फायद्याचे वाटत नव्हते. १९३५ साली शासनाने ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते स्थापन केले, सहकारी संस्थांना कर्जे दिली, आणि स्वस्त वीज दारात येताच शेतकऱ्यांनी ती यंत्रे उतरवून ठेवली. घरगुती पवनचक्की लोकांनी हौसेने स्वीकारलेली नव्हती; सार्वजनिक व्यवस्थेने त्यांना वगळले होते म्हणून ती त्यांच्या माथी आली होती.

आता शास्त्राकडे वळू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश उरते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास दोन मीटर असलेले लहान यंत्र घ्या. दर सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात ते सुमारे साडेचारशे वॅट वीज देईल. वारा ताशी १८ किलोमीटरवर आला की तेच यंत्र पन्नास-साठ वॅटवर येते. त्यावर एक पंखा कसाबसा फिरेल. विक्रेत्याच्या पत्रकात 'एक किलोवॅट' असे लिहिलेले असते ते बहुधा दहा-बारा मीटर वेगाच्या जोरदार वाऱ्याचे माप असते. तसा वारा आपल्या गच्चीवर वर्षातून किती तास वाहतो, हे त्या पत्रकात नसते.

गच्चीची अडचण आणखी वेगळी आहे. झाडे, इमारती आणि पाण्याच्या टाक्या यांना आपटून वारा तेथे विस्कळीत होतो. म्हणूनच शंभर मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षाही किमान नऊ-दहा मीटर उंच मनोरा असावा, असा या क्षेत्रातील जुना दंडक आहे. इंग्लंडमध्ये इमारतींवर बसविलेल्या २६ लहान यंत्रांची प्रत्यक्ष मोजणी करून २००९ साली अहवाल प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणचे उत्पादन अपेक्षेच्या मानाने अत्यल्प निघाले. जेथे उंच इमारतींवर वारा चांगला होता, तेथे आवाजाच्या तक्रारींमुळे यंत्रे बंद ठेवावी लागली. वाऱ्याच्या बाबतीत आपल्यापेक्षा भाग्यवान असलेल्या देशाचा हा अनुभव आहे.

म्हणून काय घरगुती पवनऊर्जा सर्वथा त्याज्य आहे? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे लाभ खरे आहेत. तिला कोळसा लागत नाही, धूर होत नाही, जागा थोडी लागते. सूर्य मावळल्यावरही वारा वाहू शकतो. आपल्याकडे तर निसर्गाने एक सुंदर जोड घालून दिली आहे : ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात आभाळ भरून येते आणि सौर पट्ट्या मंदावतात, नेमका तेव्हाच मोसमी वारा सर्वांत जोरात असतो. साताऱ्याचे चाळकेवाडी आणि वनकुसवडे यांसारख्या उघड्या पठारांवर, सह्याद्रीच्या माथ्यावरील एखाद्या एकाकी पाड्यावर अथवा तार पोहोचणे दुष्कर आहे अशा आश्रमशाळेत सौर आणि पवन यांचे संयुक्त संच निश्चितच उपयोगी ठरतात. मात्र हे लाभ स्थानावर अवलंबून आहेत. विदर्भ-मराठवाड्याच्या दाट वस्तीतील सखल गावात बसविलेले तेच यंत्र पावसाळ्याखेरीज बराच काळ निश्चल उभे राहील.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहावा. मनोरा, नियंत्रक, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांसह एक किलोवॅटचा संच ठिकाणानुसार साधारण दीड ते अडीच लाख रुपयांपर्यंत जातो. आपण दोन लाख धरू. पंधरा वर्षांत बॅटऱ्या दोनदा बदलाव्या लागल्या आणि प्रत्येक वेळी चाळीस हजार लागले, तर ८० हजार. वंगण, बोल्ट, बेअरिंग, पात्यांची दुरुस्ती यांसाठी वर्षाला चार हजार धरले तर ६० हजार. एकूण ३ लाख ४० हजार. चांगल्या वाऱ्याच्या जागी रोज तीन युनिट मिळाले तर पंधरा वर्षांत सुमारे १६,४०० युनिट होतात आणि एक युनिट वीस रुपयांवर पडते. वारा बेताचा असेल आणि रोज एकच युनिट मिळाले तर तोच दर साठ रुपयांच्या पुढे जातो. तारेने येणारी वीज अल्प वापराच्या घराला, स्थिर आकार वगळता, अलीकडे युनिटला सहा रुपयांच्या आसपास मिळते. वारा फुकट आहे हे खरे. वारा पकडणे फुकट नाही.

सौर संचाशी तुलना केली तर अंतर आणखी स्पष्ट होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील सौर संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. सौर पट्टीत फिरणारा भाग नसतो. ती पुसण्यापलीकडे फारसे काम पडत नाही. पवनचक्की हे अखंड फिरणारे यंत्र आहे. तिची थरथर स्लॅबमध्ये उतरते, वळवाच्या वादळात पाते तुटण्याचा धोका असतो, आणि शेजाऱ्याची झोप मोडते ती निराळीच. घरकुल योजनेतल्या घराचा स्लॅब असा भार सोसण्यासाठी बांधलेला नसतो. शिवाय बिघाड झाल्यास तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा माणूस मिळत नाही. अनेक सार्वजनिक इमारतींच्या माथ्यावर अनुदानातून बसलेली आणि पहिल्या बिघाडानंतर कायमची थांबलेली यंत्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील.

येथे बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. घटनाकार म्हणून आपण त्यांना नित्य वंदन करतो. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी केलेले भाषण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. स्वस्त आणि विपुल वीज नसेल तर औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणावाचून भारतीय जनतेच्या दारिद्र्याचे चक्र तुटणार नाही, हा त्याचा आशय होता. वीज खाजगी मालकीची असावी की सार्वजनिक, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच ऐरणीवर आणला. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी त्यांनी केली. वीज ही त्यांच्या लेखी मुक्तीचे साधन होती आणि ती पुरविणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी होती.

या प्रकाशात पाहिले म्हणजे 'घरोघरी पवनचक्की' या घोषणेतील धोका दिसू लागतो. ज्याच्याजवळ पठारावरचा बंगला आणि हाती दोन लाख रुपये आहेत, त्याच्यासाठी ती हौस आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तोच उपदेश करणे म्हणजे राज्याने स्वतःचे ओझे काढून त्याच्या खांद्यावर ठेवणे होय. स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा तथागतांचा उपदेश या प्रचारासाठी वापरला जाताना मी ऐकला आहे. तो उपदेश आपल्या बुद्धीच्या प्रकाशात चालण्याचा आहे. प्रत्येकाने आपली तार तोडून एकटे राहावे, असा अर्थ त्यातून काढणे संघजीवनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

वाऱ्याची वीज मोठ्या प्रमाणावर, उंच मनोऱ्यांवर, योग्य जागी निर्माण करणे हेच किफायतशीर आहे. देशाची पवनक्षमता आज पन्नास हजार मेगावॅटच्या घरात गेली ती याच मार्गाने. मात्र तेथेही न्यायाचा प्रश्न सुटलेला नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात वनजमिनींवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांनी आदिवासींच्या वनहक्कांचा प्रश्न उभा केला. ज्याच्या डोंगरावर चक्की फिरते त्याच्या झोपडीत दिवा आहे काय, आणि नफ्यात त्याचा वाटा आहे काय, हे विचारणे आपले काम आहे. आपल्या चळवळीची शक्ती गच्चीवरच्या खेळण्यापेक्षा या मागणीमागे उभी राहिली पाहिजे.

आपल्या संस्थेपुरते माझे मत स्पष्ट मांडतो. वसतिगृहाच्या गच्चीवर पवनचक्की बसवू नये. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून प्रथम सौर संच घ्यावा. रात्रीच्या अभ्यासाचे दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप यांची गरज त्यातून पुष्कळ अंशी भागेल. देणगीचा अल्प भाग वायुवेगमापक घेण्यासाठी राखून ठेवावा. नववीच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर, उंच खांबावरील त्या मापकाची नोंद रोज वहीत करावी, तिचा आलेख काढावा, आणि वर्षअखेरीस आपला निष्कर्ष व्यवस्थापनापुढे मांडावा. वारा पुरेसा आढळला तर इमारतीपासून दूर, मोकळ्या जागी, स्वतंत्र मनोऱ्यावर एक संच उभारण्यास माझा विरोध राहणार नाही. परंतु तत्पूर्वी चार-पाच मुलामुलींना त्याच्या देखभालीचे रीतसर शिक्षण द्यावे. वाऱ्याचा जोर अपुरा आढळला, तरी त्या मुलांनी वर्षभर जे केले ते वाया जाणार नाही. पत्रकातील आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजून निर्णय घेणारी एक पिढी या आवारातून बाहेर पडेल, आणि तिला पुढे कोणीही सहजासहजी फसवू शकणार नाही.