शॉर्टकटला द्या एक जादा सूचना

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चार, हे आपल्याकडे नेहमीचेच. मुलांचा अभ्यास, आईचे रेसिपीचे व्हिडिओ आणि आजोबांचे बँकेचे व्यवहार, सगळे एकाच क्रोममध्ये. अशा वेळी बँकेतून लॉगआउट करायचे राहून गेले तर? यावरचा एक उपाय डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्येच आहे.

शॉर्टकट म्हणजे प्रोग्राम नव्हे, तर प्रोग्राम कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता. या पत्त्यापुढे प्रोग्रामसाठी सूचनाही लिहिता येते. तिला कमांड लाइन पॅरामीटर म्हणतात. 1981 साली एमएस-डॉस आले, तेव्हा कामे आज्ञा टाइप करूनच होत. ‘डीआयआर’ लिहिले की फायलींची यादी झरझर वर सरके; पुढे ‘/पी’ जोडले की ती पानापानाने थांबत जाई. तीच पद्धत विंडोजमध्ये आजही चालते.

आता बँकेसाठी वेगळा शॉर्टकट करू.

1. डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट कॉपी करून तिथेच पेस्ट करा. मूळ शॉर्टकटला हात लावू नका.
2. नव्या शॉर्टकटवर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘शॉर्टकट’ टॅबमध्ये ‘टार्गेट’ नावाची चौकट दिसेल.
3. चौकटीतल्या मजकुराच्या अगदी शेवटी जा. तिथे अवतरणचिन्ह असेल, तर त्याच्या बाहेर या. एक स्पेस द्या आणि मध्ये जागा न सोडता दोन डॅश व इन्कॉग्निटो हा शब्द टाइप करा. इंग्रजी स्पेलिंग: आय-एन-सी-ओ-जी-एन-आय-टी-ओ.
4. पुन्हा एक स्पेस देऊन बँकेच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तो बँकेच्या कागदपत्रांवरून पाहूनच घ्या, सर्चमधून नको.
5. ‘ओके’ करा आणि शॉर्टकटला ‘बँक’ असे नाव द्या.

आता या शॉर्टकटवरून थेट बँकेचे पान गुप्त विंडोत उघडेल. काम झाल्यावर लॉगआउट करा आणि सगळ्या गुप्त विंडो बंद करा. ब्राउझिंग हिस्टरी आणि कुकीज मागे राहणार नाहीत. डाउनलोड केलेले स्टेटमेंट मात्र कॉम्प्युटरवर राहते, ते आठवणीने काढा. कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर शिरले असेल, तर गुप्त विंडो त्यापासून वाचवत नाही, हेही लक्षात असू द्या.

वर्ड उघडताच बंद पडत असेल, तरी अशीच सूचना उपयोगी पडते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत ‘विनवर्ड’ (डब्ल्यू-आय-एन-डब्ल्यू-ओ-आर-डी), एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘सेफ’ (एस-ए-एफ-ई) असे लिहून एंटर करा. वर्ड जादा जोडण्यांशिवाय, म्हणजे अ‍ॅड-इनशिवाय उघडेल. तसे नीट चालले, तर दोष बहुधा एखाद्या अ‍ॅड-इनचा असतो.

हीच युक्ती लबाड सॉफ्टवेअरलाही ठाऊक असते. ते टार्गेटच्या शेवटी गुपचूप एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवते. मग होमपेज कितीही वेळा बदला, तेच नको असलेले पान उघडत राहते. तुमच्याकडे असे होत असेल, तर आधी टार्गेटची चौकट पाहा. तुम्ही न लिहिलेला पत्ता शेवटी दिसला, तर तेवढाच पुसा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर ही चौकट आज एकदा पाहून घ्याच.