गुरुजींचा ताण आणि आपल्या लेकरांचा तास

शिक्षक तणावात आहे म्हटले की सल्ला तयार असतो : ध्यान करा, सकारात्मक राहा. आम्ही बुद्धाचे अनुयायी. ध्यानाला आमचा विरोध नाही. पण दुःखाला कारण असते, हेही बुद्धानेच सांगितले. मग कारण का झाकता?

जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका, असे शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ सांगते. मतदार यादीचे काम सुट्टीच्या वा अध्यापन नसलेल्या दिवशी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले. तरी बीएलओची यादी, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती गुरुजींच्याच माथी!

परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावांत ऐपतवाल्यांची पोरं इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती आमच्या वस्तीतली, ऊसतोड कामगारांची पोरं. गुरुजींचा तास बुडतो, तेव्हा त्यांची पिढी बुडते.

शिक्षकांनो, एकटे कुढू नका. अशैक्षणिक कामाचा तासन् तास वहीत नोंदवा, लेखी आदेश मागा, संघटित व्हा. तरुणांनो, ती नोंद शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत मांडा. बुडालेला प्रत्येक तास आपल्या लेकरांचा आहे.

जय भीम!