घावाची किंमत

हातघाईच्या लढाईत घाव मोठा व्हावा म्हणून दोन कौशल्यांची जोडी जमवणारा खेळाडू दिसला, की 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारे काहीजण लगेच नाक मुरडतात. याला गोष्टीशी देणंघेणं नाही, हा नुसते आकडे मोजतो, असं म्हणतात. मला हे पटत नाही.

२०१४ च्या नियमांतली प्रसिद्ध जोडी घ्या. 'ग्रेट वेपन मास्टर' सांगतं, वार करताना फाशातून ५ वजा करा, वार लागलाच तर नुकसान १० ने वाढेल. बार्बेरियनचा 'रेकलेस अटॅक' सांगतो, वीस बाजूंचा फासा दोनदा टाका आणि मोठा आकडा घ्या. मात्र तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत शत्रूलाही तुमच्यावर तीच सवलत.

मी कला शाखेचा माणूस, तरी गणित मांडून पाहिलं. समजा वार लागायला फाशावर ११ हवेत आणि सरासरी नुकसान १० आहे. साधा वार निम्म्या वेळा लागतो, म्हणजे वारामागे ५. नुसतं पहिलं कौशल्य वापरलं तर १६ पडावे लागतात. चारात एकदा वार लागतो, नुकसान २०. पुन्हा ५च! नुसतं दुसरं वापरलं तर साडेसात. दोन्ही एकत्र आली, की पावणेनऊ. (क्रिटिकल हिट यात धरलेला नाही.)

एकटं असताना काहीच न देणारं कौशल्य दुसऱ्याच्या संगतीत फळतं, ही खरी गंमत. आणि ते फुकट नाही. स्वतः मार खायची तयारी लागते. बेभान होऊन जिवावर उदार होणं, हाच तर बार्बेरियनचा स्वभाव! मग आकडा आणि गोष्ट वेगळी कुठे राहिली?

२०२४ च्या नियमांत ती वजाबाकी गेली. आता अवजड शस्त्राचा वार लागला, की ठरलेला बोनस मिळतो. इतर शस्त्रं मागे पडत होती, त्यामुळे तोल सावरला हे मान्य. पण दर वाराला 'धोका पत्करू का?' असा प्रश्न पडायचा, तो गेला. माझ्या मते हे नुकसान मोठं आहे.

असो. एकच खेळाडू सगळे शत्रू लोळवतो आणि बाकीचे बघत बसतात, ही तक्रार मात्र खरी. पण त्यावर उपाय नियमातच आहे. डंजन मास्टरनं शत्रूच्या धनुर्धाऱ्यांना ती सवलत मनसोक्त वापरू द्यावी. बार्बेरियन आडवा झाला, की बाकीच्यांची पाळी आपोआप येते.