कबुलीनंतरचे वकीलपत्र

६ मे १८४० रोजी सकाळी लंडनच्या नॉर्फोक स्ट्रीटवरील घरात लॉर्ड विल्यम रसेल हे ७२ वर्षांचे गृहस्थ बिछान्यात गळा चिरलेले सापडले. खून केला होता त्यांच्याच स्विस खिदमतगाराने, फ्रांस्वा कुर्व्हाझिएने. त्याबद्दल आज वाद नाही. वाद आहे तो त्याच्या वकिलाविषयी. खटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपीने चार्ल्स फिलिप्स यांना जवळ बोलावून गुन्हा कबूल केला आणि तरीही बचाव शेवटपर्यंत चालवा म्हणाला. फिलिप्स यांनी तो चालवला. वर्तमानपत्रांनी याबद्दल त्यांना कित्येक वर्षे झोडपले.

आक्षेपकांचे म्हणणे असे की, खुनी माहीत असताना त्याची बाजू मांडणारा वकील पापाचा वाटेकरी होतो. हे मला साफ अमान्य आहे. खटला अर्ध्यावर सोडून वकील निघून गेला असता, तर ज्युरीला आणखी पुरावा कशाला हवा होता? आरोपीचा भरवशाचा माणूसच फाशीचा दोर ओढून गेला असता. गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करण्याचा हक्क इंग्लंडात मिळाला १८३६मध्ये. चार वर्षांच्या त्या हक्काला पहिल्याच कठीण प्रसंगी तिलांजली द्यायची?

हातमोज्यांचे प्रकरण पाहा. पोलिसांनी नोकराची पेटी आधी तपासली होती, तेव्हा काही मिळाले नाही. पुढे तो कोठडीत असताना त्याच पेटीत रक्ताळलेले हातमोजे निघाले, आणि गुन्हा उघडकीस आणणाऱ्याला ४५० पौंडांचे बक्षीस लागलेले! हे कुणीतरी विचारायलाच हवे होते. आरोपी खरा गुन्हेगार असला, म्हणून त्याच्याविरुद्धचा पुरावा बनावट चालतो काय?

मोलकरीण सेरा मॅन्सरवर संशय ढकलला, हा दुसरा आरोप. पण तिची उलटतपासणी झाली ती कबुलीच्या आदल्या दिवशी. मात्र कुर्व्हाझिएने पूर्वी जिथे नोकरी केली होती, त्या साक्षीदार पिओलेनबाईंच्या हॉटेलाविषयी फिलिप्स भाषणात वाईट बोलले, ते कबुलीनंतर. बाई खरे सांगत आहेत हे माहीत असूनही. इथे त्यांचे चुकलेच. खटला चालवणाऱ्या पीठावरच बसलेल्या न्यायमूर्ती पार्क यांचा खासगीत सल्ला घेतला, तेही गैर. पण पार्क यांनी दिलेले उत्तर योग्यच होते: अशिलाची इच्छा असेल तर बचाव करा, आणि पुराव्यातून निघणारा प्रत्येक रास्त मुद्दा मांडा.

आपल्याकडे आजही वकिलांच्या संघटना ‘अमक्याचे वकीलपत्र घेणार नाही’ असे ठराव करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले आहेत, तरीही.

बचावामुळे खुनी सुटतो म्हणणाऱ्यांनी रसेल खटल्याचा शेवटही वाचावा. कुर्व्हाझिएने खुनाआधी पिओलेनबाईंकडे ठेवायला दिलेले पुडके खटला सुरू झाल्यावर उघडले गेले. आत रसेल घराण्याचे चांदीचे चमचे-काटे होते. फिलिप्स सगळी ताकद लावून बोलले, तरी त्या चांदीला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ज्युरीने आरोपीला दोषी ठरवले आणि ६ जुलैला न्यूगेटबाहेर त्याला फाशी झाली.